रोजची एकच बॅग: काटा, चेन आणि बंदाचं मूळ

बॅग निवडायचं काम दुकानात सुरू होत नाही, घरी सुरू होतं. रोज ऑफिसला जे जे जातं ते सगळं पलंगावर मांडा: लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली, छत्री, फाइल, औषधं, पाकीट, किल्ल्या. मग एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. १४ इंची लॅपटॉप दीड किलोच्या आसपास भरतो, १५.६ इंची पावणेदोन ते सव्वादोन. चार्जर तीनशे-चारशे ग्रॅम. स्टीलची एक लिटरची बाटली भरली की सव्वा ते दीड किलो. डबा किलोभर. छत्री, डायरी, पॉवर बँक आणि बाकी सटरफटर मिळून आणखी किलो-सव्वा किलो. बेरीज पाच-सहा किलोंवर जाते. इथे बरेच जण थबकतात, कारण मनात त्यांनी ‘छोटीशी, सुटसुटीत’ बॅग आधीच पसंत केलेली असते.

शाळेच्या दप्तरासाठी केंद्राच्या २०२० च्या धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्के ही मर्यादा धरली आहे. मोठ्यांना असा नियम नाही, पण हिशेब तोच लावून पाहायला हरकत नाही. साठ किलोच्या माणसाला सहा किलो म्हणजे आपण काठावर आहोत, आणि त्यात बॅगेचं स्वतःचं वजन अजून धरलेलं नाही. रिकामी बॅग सातशे ग्रॅमची की दीड किलोची, हा प्रश्न म्हणूनच दुकानात पहिल्यांदा विचारायचा. खोक्यावर वजन लिहिलेलं नसेल तर दुकानदाराच्या काट्यावर ठेवायला सांगा. रोजच्या सॅकसाठी किलोच्या वर आम्ही सहसा जाऊ देत नाही.

या यादीत पाणी ही एकच गोष्ट ऋतूप्रमाणे बदलते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या पुढे गेला की अर्ध्या लिटरची बाटली दुपारपर्यंतही पुरत नाही. बाहेरचा बाटलीचा कप्पा हिवाळ्यातल्या छोट्या बाटलीवर नाही, उन्हाळ्यातल्या लिटरच्या बाटलीवर मोजायचा. बाटलीचा व्यास आठ-साडेआठ सेंटिमीटर असतो. जाळीच्या उथळ कप्प्यात ती अर्धी बाहेर राहते आणि बसमध्ये चढताना पहिल्या हिसक्याला खाली जाते. कप्पा निदान पंधरा-सोळा सेंटिमीटर खोल हवा, वर इलॅस्टिक हवं, आणि जाळीऐवजी कापडाचा असेल तर जास्त चांगलं. जाळी खिळ्याला, सीटच्या पत्र्याला अडकून फाटते.

दुसरा हिशेब रस्त्याचा. छत्रपती संभाजीनगर ते जालना जेमतेम साठ किलोमीटर. या पट्ट्यात रोज अप-डाऊन करणारे शिक्षक, बँकवाले, कंपनीवाले भरपूर. कुणी लालपरीत उभ्याने जातो, कुणी वाळूजच्या कंपनी बसमध्ये, कुणी चिकलठाण्यापर्यंत दुचाकीवर. महिना-दोन महिन्यांनी मुंबई-पुण्याची एक फेरी असतेच. याच बॅगेने ऑफिसातली मीटिंगही निभावली पाहिजे आणि लातूर एक्स्प्रेसच्या बर्थवर उशाशीही राहिली पाहिजे, अशी अपेक्षा असेल तर आकार आपोआप ठरत जातो.

दुचाकीवाल्याला सॅकशिवाय पर्याय नाही, यावर आम्ही फार वाद घालत नाही. स्लिंग बॅग मांडीवर घसरते आणि तिच्या बंदाचं लोंबतं टोक चाकाकडे जातं. उभ्याने बस गाठणाऱ्यालाही सॅकच, पण गर्दीत ती पुढे घेता आली पाहिजे, म्हणून पाठ जाडजूड फोमची नको. पाच किलो एका खांद्यावर घेऊन रोज दीड-दोन तास काढणं मानेला परवडत नाही. टोट, म्हणजे एका खांद्यावर लटकवायची पिशवीवजा बॅग, कितीही देखणी असली तरी तिच्यात लॅपटॉप आणि डबा दोन्ही जात असतील तर ती नको. टोट शोभते ती कारने किंवा रिक्षाने जाणाऱ्याला, आणि ज्याचा डबा वेगळ्या पिशवीत जातो त्याला. एका पिढीने शबनमवर अख्खी नोकरी काढली हे खरं, पण त्या शबनममध्ये वर्तमानपत्र आणि चष्म्याचं घर असायचं.

मधला मार्ग म्हणजे हातात, खांद्यावर आणि पाठीवर अशी तिन्ही प्रकारे घेता येणारी बॅग. ऑफिसात ती हातात धरली की नीट दिसते, स्टेशनवर पाठीवर जाते. ही जात आम्हाला आवडते, पण तिच्या दोन खोडी माहीत असायला हव्यात. पाठीचे बंद लपवायला मागे कप्पा असतो, आणि ते बंद खाली हुकाने अडकवायचे असतात. तो हूक स्वस्तातल्या ओतीव धातूचा असेल तर वाकत नाही, थेट तुटतो. हूक हातात घ्या: जोडाची रेघ दिसत असेल, स्प्रिंग करकरत असेल, वजनाला पोकळ वाटत असेल तर पुढची बॅग दाखवायला सांगा. दुसरी खोड ‘ओढला की सॅक, सोडला की पर्स’ या प्रकारात: एकच बंद कड्यांतून सरकतो आणि रोज त्याच दोन इंचांवर घासतो. तिथेच तो झिजतो.

आता माप. लिटरच्या आकड्यावर विसंबू नका. बाहेरचे कप्पे, फुगवटा सगळं धरून तो आकडा छापलेला असू शकतो. टेप घेऊन आतली उंची, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, हजाराने भागा. ४५ × ३० × १५ म्हणजे वीस लिटर, आणि रोजचं सामान अधिक एका रात्रीचे कपडे एवढ्यात बसतात. पंचवीसपर्यंत ठीक. तीसच्या पुढची बॅग रोज अर्धी रिकामी राहते, आणि रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाही. त्यात मागच्या महिन्याची बिलं, दोन छत्र्या आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका साठते.

जाडीचे ते पंधरा सेंटिमीटर डब्यासाठी आहेत. गोल स्टीलचा डबा बारा-तेरा सेंटिमीटर व्यासाचा असतो आणि तो आडवा पडता कामा नये. येसर आमटीचा डबा एकदा आडवा झाला की झाकणाच्या रबरावर सगळा भरवसा. दहा-अकरा सेंटिमीटर जाडीची चपटी बॅग दिसायला सडपातळ दिसते, पण तिच्यात डबा आडवाच जातो, किंवा उभा कोंबला की पोट पुढे येतं. लॅपटॉप आणि डबा यांच्यामध्ये शिवलेला पडदा हवा, नुसता इलॅस्टिकचा खिसा नव्हे. आणि डबा स्वतंत्र रबरी किंवा कोटिंगच्या पाऊचमध्ये, हे तर ठरलेलंच.

लॅपटॉपच्या कप्प्यावर ‘१५.६ इंच’ लिहिलेलं असतं ते पडद्याचं तिरकं माप. यंत्र साधारण ३६ सेंटिमीटर लांब आणि २४-२५ सेंटिमीटर रुंद असतं. जुनी, जाड मॉडेलं याहून मोठी. शक्यतो स्वतःचा लॅपटॉपच घेऊन जा. त्याहून महत्त्वाची तपासणी तळाची. एक हात लॅपटॉपच्या कप्प्यात तळापर्यंत घाला, दुसरा बॅगेच्या बुडाला बाहेरून लावा. दोन्ही हातांमध्ये दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा जाणवली पाहिजे, म्हणजे कप्पा बुडाच्या वर लटकता शिवलेला आहे. बोटं सरळ बुडाला टेकली तर बसच्या पत्र्यावर बॅग ठेवताना दरवेळी लॅपटॉपचा कोपरा आपटणार. चारी बाजूंनी जाड फोम आहे म्हणून दुकानदार समजूत घालतो, पण मार बसतो तो खालून.

इथवर दिसण्याबद्दल काही बोललो नाही. ते आता.

दुकानात टांगलेल्या बॅगेच्या पोटात रद्दी आणि पुठ्ठा कोंबलेला असतो, म्हणून प्रत्येक बॅग तिथे देखणीच दिसते. रस्त्यावर ती तशी कधीच नसते. ती भरलेली असते, आणि एका बाजूने जास्त भरलेली असते. म्हणून आमची पद्धत एकच: घरचं सगळं सामान एका पिशवीत घालून दुकानात न्यायचं, रद्दी काढायला लावायची आणि बॅग तिथेच भरायची. संभाजीनगरच्या गुलमंडी-पैठण गेटकडच्या किंवा लातूरच्या गंजगोलाईतल्या गर्दीच्या दुकानातही याला कुणी नाही म्हणत नाही. “दादा, जरा भरून बघतो” एवढं पुरतं. भरल्यावर बॅग खाली उभी करा. तोंडावर पडते का? पोट फुगून पुढची चेन वाकडी होते का? पाठीवर घेतल्यावर वरचा भाग मानेपासून मागे लोंबतो का? आरशात बाजूने पाहा. भरल्यावर जिची रेघ सरळ राहते ती बॅग स्टायलिश. बाकी लोगो, झालर, सोनेरी कडी हा खर्च आहे.

जिची रेघ टिकते तिच्यात दोन गोष्टी हमखास सापडतात. बुडात पुठ्ठा नसून प्लॅस्टिकची पाटी असते, आणि बाजूच्या शिवणींत आतून पायपिन, म्हणजे आत दोरी भरलेली गोल पट्टी, घातलेली असते. बुडाची पाटी चाचपून पाहता येते. पुठ्ठा दाबला की दबका आवाज येतो आणि तो हळूहळू दुमडतो. प्लॅस्टिक टणत्कारून परत सरळ होतं. पुठ्ठ्याची बॅग पहिल्या पावसात बुडाशी मऊ होते आणि मग कायमची बसते. पाटी सुटी असेल तर उत्तम, धुताना काढता येते.

कापडाकडे येऊ. लेबलवर ६००डी, ९००डी, १६८०डी असे आकडे असतात. डी म्हणजे डेनियर: नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड, एवढंच त्यातून कळतं. वीण घट्ट आहे का आणि पाठीमागचं कोटिंग कसं आहे हे कळत नाही. १६८० चं जाड विणीचं कापड ‘टफ’ म्हणून विकतात आणि ते टफ असतंही. पण त्याच्या खाचांत आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ जाऊन बसते आणि ब्रशनेही पुरती निघत नाही. शिवाय त्याच्या खरखरीत पाठीने सुती शर्टाला, कुर्त्याला कमरेपाशी गोळे येतात. रोजच्या वापराला घट्ट विणीचं ६०० ते ९०० पॉलिस्टर भरपूर झालं. नायलॉन घासण्याला जास्त टिकतं हे खरं, मात्र उन्हात रंग टिकवण्यात पॉलिस्टर सरस. मराठवाड्यात ऊन घासण्याच्या आधी कापड खातं, त्यामुळे पॉलिस्टर म्हणजे हलका माल असं समजायचं कारण नाही.

आतल्या बाजूचं कोटिंग नखाने खरवडून पाहा. अस्तर उलटं करून चुरगाळलं आणि पांढरी रेघ उमटली किंवा भुकटी पडली तर ती बॅग दुकानातच म्हातारी झाली आहे. पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, कोटिंग ओल आणि उष्णतेने हळूहळू विघटित होतं. मग त्याचे पापुद्रे फायलींना, चार्जरला, टिफिनच्या पाऊचला चिकटत राहतात. बॅग बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून गळत असते. पीव्हीसीच्या कोटिंगला उग्र वास येतो आणि कडक उन्हात ते चिकट होतं. नवीन बॅगेत नाक घाला. वास डोक्यात गेला तर ती ठेवून द्या. ‘दोन दिवसांत जाईल’ असं सांगतात, तो बराच काळ जात नाही.

चामड्याच्या बाबतीत आमचं मत थोडं कडक आहे. ‘व्हेगन लेदर’ म्हणजे बहुतेक वेळा कापडावर पीयू किंवा पीव्हीसीचा थर, म्हणजे रेक्झिनचीच पुढची आवृत्ती. नवी असताना तिच्याइतकं देखणं काही नाही. उन्हाळ्यात पार्किंगमधल्या गाडीत राहिली की दोन-तीन वर्षांत हँडलच्या बुडाशी आणि दुमडणाऱ्या कडांवर सोलायला लागते, आणि सोललेल्या रेक्झिनला दुरुस्ती नाही. खरं चामडं ओळखायला कापलेली कड बघा: चामड्याची कड आतपर्यंत तंतुमय असते, रेक्झिनच्या कडेला खाली विणलेलं कापड दिसतं. खरं चामडं टिकतं, पण बॅग चार-पाचशे ग्रॅमनी जड करते, पावसाळ्यात बंद कपाटात बुरशी धरते, आणि कोरड्या उन्हाळ्यात क्रीम लावलं नाही तर तडकते. हे सगळं करायची हौस असेल तरच. सुती कॅनव्हासचं वजन चौरस यार्डामागे औंसात सांगतात. १६ औंस म्हणजे सुमारे ५४० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम), आणि बॅगेला १२ च्या खाली जाऊ नये. कॅनव्हास भिजला की जड होतो, वाळायला वेळ लावतो आणि आपल्या उन्हात विटतो, पण विटलेलाही बरा दिसतो. मेणाचा हात दिलेला कॅनव्हास मात्र इथे नको. उन्हात मेण मऊ होऊन पांढऱ्या शर्टाला लागतं.

चेन हा बॅगेचा प्राण, आणि दुरुस्तीला येणाऱ्या बॅगांमध्ये तक्रार बहुतेक तिचीच. चेनला नंबर असतो: ३, ५, ८, १०. तो साधारणपणे बंद चेनच्या दातांची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो आणि बऱ्याचदा रनरच्या, म्हणजे चेन उघडबंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याच्या, पाठीवर कोरलेला असतो. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० हवी, बाहेरच्या खिशांना ५ चालते. ३ ही पर्सच्या आतल्या खिशाची चेन, ती मुख्य कप्प्याला दिसली तर बनवणाऱ्याने पैसे वाचवलेत असं समजा. वळणदार तोंडाला नायलॉनची गुंडाळीची चेन सगळ्यांत चांगली: ती वळते, आणि मधेच उघडली तर रनर मागे नेऊन पुन्हा बसवता येते. प्लॅस्टिकच्या सुट्या दातांच्या चेनचा एक दात गेला की अख्खी चेन बदलावी लागते. धातूची चेन दिसते छान, पण घामाने काळी पडते आणि लॅपटॉपच्या कडेला ओरखडे काढते. वायकेके या जपानी कंपनीचं नाव चांगल्या चेनची खूण आहे, मात्र नुसतं नाव कोरलेली नक्कलही बाजारात असते. म्हणून नावावर न जाता चाचणी घ्या: बॅग भरलेली असतानाच, एका हाताने, कोपऱ्यावरून रनर फिरवा. कोपऱ्यात अडखळला तर तिथे शिवण वाकडी आहे, आणि तिथेच तो उद्या चेन सोडणार. मुख्य कप्प्याला दोन रनर हवेत, म्हणजे झीज वाटली जाते आणि प्रवासात दोन्ही जोडून छोटं कुलूप घालता येतं.

रनर बिघडतो कसा ते समजलं की निम्मा खर्च वाचतो. रनरच्या पोटात दोन वाटा असतात आणि बाहेर पडताना त्या दातांना एकमेकांत दाबतात. धूळ आत गेली की ती सॅंडपेपरचं काम करते. भिंती झिजतात, फट वाढते, दाब कमी पडतो आणि रनरमागची चेन तोंड वासते. दात खराब झालेले नसतातच, गिऱ्हाईक मात्र ‘चेन गेली’ म्हणतं. जुळलेली चेन ज्या टोकातून बाहेर पडते त्या टोकाच्या दोन्ही कडा पक्कडीने अगदी हलकेच, एकेक करून दाबल्या तर चेन पुन्हा जुळते. जोर लावला तर रनर फुटतो. हा उपाय काही महिन्यांचा. पुढे रनरच बदलायचा, आणि ते काम शंभराच्या आत होतं. एरवी महिन्यातून एकदा कोरड्या टूथब्रशने दात झाडायचे आणि वरून मेणबत्ती फिरवायची. तेल घालू नका, तेलावर धूळ आणखी बसते.

चेननंतर बंदाचं मूळ. सॅकचा बंद जिथे पाठीच्या वरच्या कडेला शिवला आहे तिथे बाहेरून चौकोन आणि त्यात फुलीची टीप दिसली पाहिजे, किंवा आडवी दाट बारटॅक, म्हणजे एकाच जागी गच्च मारलेली छोटी टीप. नुसती एक सरळ शिलाई असेल तर आत काय असतं ते उपटून आलेल्या बॅगा रोज दाखवतात: वरची पट्टी नीट, फोम नीट, धागाही न तुटलेला, कापडच शिवणीतून निसटलेलं. कड जेमतेम अर्धा सेंटिमीटर शिलाईत घेतलेली, न जाळलेली, आणि तिचे धागे चार दिवसांच्या दाढीसारखे सुटलेले. अशा बंदाला नवी टीप मारून भागत नाही, कारण टीप धरायला कापडच उरलेलं नसतं. मागे जाड कापडाचा तुकडा घालून, त्याच्यासकट फुली मारावी लागते. म्हणून नवी बॅग घेतानाच ती उलटी करा. आतली प्रत्येक शिवण पट्टीने बांधलेली असावी, कुठेही उघडी कड दिसता कामा नये. एका इंचात सात ते नऊ टाके असावेत. कमी असतील तर फट पडते, फार दाट असतील तर सुईच्या भोकांनी कापडच कापलं जातं.

बंदाची रुंदी खांद्यावर निदान सहा सेंटिमीटर. स्लिंगला अडतीस मिलिमीटरची पट्टी, पंचवीसची रुततेच. चकाकणारी, बुळबुळीत, हलकी पट्टी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची. ऊन तिचं वैरी. ती कडक होते, मग तिच्यातून भुसा गळतो. बक्कल खालीवर ओढून पाहा: भरलेल्या बॅगेला उभ्याने दोन हिसके दिल्यावर बंद स्वतःहून लांब होत असेल तर तो रोज होणार. टोटचा बंद खांद्यापासून काखेखाली निदान पंचवीस सेंटिमीटर उतरावा. हिवाळ्यात स्वेटर असतो, ओढणी असते, आखूड बंद मग खांद्यावर चढतच नाही.

रंगाबद्दल लोकांचा हट्ट काळ्याचा. काळ्यावर तेल दिसत नाही, पण आपल्याकडची राखी धूळ त्याच्यावर सगळ्यांत आधी दिसते, आणि दुचाकीच्या सीटवर तो तापतोही जास्त. पांढरट, बेज रंगाच्या बॅगेला जीन्सचा निळा रंग लागतो, रेक्झिन असेल तर तो निघतच नाही. शिवाय हँडल घाम-तेलाने काळवंडतं. राखाडी, मातकट, ऑलिव्ह किंवा दोन छटांच्या मिश्र धाग्याचा गडद निळा: हे धूळही लपवतात, शर्ट-पँटवरही जातात, साडीवरही.

स्थानिक काहीतरी हवं असेल तर हिमरू किंवा पैठणीच्या तुकड्याची बॅग मिळते, बंजारा भरतकामाचीही. देखणी असतात यात वाद नाही. पण हिमरूच्या उलट्या बाजूला नक्षीचे सुटे धागे असतात, पैठणीची जर कडेला घासून उसवते, आणि आरशा-कवड्यांचं काम लॅपटॉपवर ओरखडे काढतं. भार या कापडावर येऊ द्यायचा नाही. कॅनव्हासच्या बॅगेला पुढच्या खिशाच्या झाकणावर हिमरूचा एक पट्टा, मागून अस्तर लावून शिवून घेतला की शोभाही राहते आणि कापडही. असं काम हाताने करून देणारे कारागीर अजून सापडतात. माप आणि कापड आपण न्यायचं.

प्रवासाला हीच बॅग नेताना काही गोष्टी तपासायच्या राहतात. एसटीतला वरचा रॅक अरुंद असतो. टणक बुडाची, गोलसर बॅग ब्रेक लागला की पुढे सरकते, म्हणून ती आडवी, पाठ खाली करून ठेवायची. बसून जायच्या वंदे भारत किंवा तपोवनला बॅग पायाशी ठेवता येते. रात्रीच्या देवगिरीला, नंदीग्रामला मात्र बॅगेच्या वरच्या हँडलची शिवण पक्की हवी, कारण खालच्या बर्थखालच्या कडीला साखळी घालायची ती त्यातूनच. पाठीला टेकणाऱ्या बाजूला छोटा चेनचा खिसा असेल तर पाकीट तिथे; गर्दीत मागच्याचा हात तिथवर पोचत नाही. मोठी ट्रॉली बरोबर असेल तर बॅगेच्या पाठीवर आडवी पट्टी हवी, ट्रॉलीच्या दांड्यात अडकवायला. तिची शिवण खालून बंद असेल तर ती पट्टी नाही, खिसा आहे. दांडा घालून पाहिल्याशिवाय कळत नाही.

विमानाचं म्हणाल तर देशांतर्गत केबिन बॅगेला साधारण सात किलो आणि ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर हे माप चालतं. आपली वीस लिटरची बॅग मापात बसतेच, वजनात काट्यावर घालून पाहायला लागते. पॉवर बँक केबिनमध्येच ठेवायची, चेक-इनला नाही, आणि १०० वॅट-तासांच्या आत. वीस हजार एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-तास होते, म्हणजे चालते. सत्तावीस हजार म्हणजे काठ.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नका. पाणी कापडातून नाही, चेनमधून आणि शिवणीच्या भोकांतून शिरतं. बुडाच्या खिशात दुमडलेलं रेनकव्हर असेल तर जून-जुलैची काळजी मिटली, आणि ते नसेल तर वेगळं घ्या. पावसात भिजलेली बॅग रिकामी करून, चेना उघड्या ठेवून सावलीत उलटी टांगा. उन्हात ठेवली की कोटिंग आणि डकवलेले भाग आधी जातात. डिंक उन्हाने सुटतो, म्हणून डकवलेल्यापेक्षा शिवलेला लोगो बरा. धुवायची झाली तर मशिनमध्ये नाही. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. चटणीच्या तेलाच्या डागावर आधी टाल्कम पावडर रात्रभर, मग भांड्याचा साबण. हळदीचा डाग धुऊन उरला तर तेवढ्याच भागाला ऊन दाखवा, हळद उन्हाने उडते.

दुरुस्ती कधी करायची आणि कधी नाही, यात आमचा नियम साधा आहे. रनर, चेन, बक्कल, बंदाचं मूळ, हँडल ही कामं कोणत्याही बऱ्या बॅगेला करून घ्यावीत. अख्खी मुख्य चेन बदलायलाही नव्या बॅगेच्या मानाने फार लागत नाही. कोटिंगचे पापुद्रे सुटू लागले, रेक्झिन सोलायला लागलं किंवा पाठीचा फोम बसला, तर त्या बॅगेवर पैसे घालू नका. तिची बक्कलं, कड्या, धड असलेले रनर आणि बुडाची पाटी तेवढी काढून ठेवा. ८ नंबरचा चांगला रनर पुढच्या बॅगेला जसाच्या तसा लागतो.